आखरावरची खिरापत

मी सांगते आणि सून लिहिते. मला एक अक्षर लिहिता येत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी नाक मुरडायला नको. सून मास्तराची लेक आहे, तिला शुद्ध लिहायची खोड. मी ‘मले’ म्हटलं की ती ‘मला’ लिहिते. लिही बाई, म्हटलं, माझ्या बोलण्याचं तू काय वाटेल ते कर, पण त्या काळची माणसं जशी बोलली तशीच ठेव. मेलेल्यांना आता शुद्ध बोलायला लावून काय मिळणार आहे? ती हसली आणि दौत पुढे ओढून बसली.

सांगायचं आहे ते आखराचं. अमरावतीच्या परकोटाबाहेर, आमच्या पेठेला लागून, एक मोठी मोकळी जागा होती. सकाळी गावची गुरं तिथं गोळा व्हायची आणि गुराखी त्यांना रानात हाकून न्यायचा, म्हणून ते आखर. गुरं गेली की दिवसभर ते आमचं. आखर कोणाच्या मालकीचं, हे विचारायची बुद्धी तोवर कोणाला झाली नव्हती. चिंचेखाली म्हातारे सोंगट्या खेळायचे आणि हरलेला हमखास दुसऱ्याच्या बापाचा उद्धार करून उठायचा. पोरं राखेच्या रेघा मारून आट्यापाट्या खेळायची. पोळ्याला बैल तिथंच तोरणाखाली उभे राहायचे, बहुरूपी आला की आधी आखरावर, मग पेठेत. आम्हा पोरींचा कोपरा चिंचेपलीकडचा. तिथली माती काळी, चिकट, लोण्यासारखी मऊ. त्या मातीचे आम्ही बैल केले, दळायची जाती केली, एकदा एका पोरीनं गावच्या पाटलाचं पोटही केलं होतं आणि पाटलानं ते स्वतः येऊन पाहिलं होतं. “माहं इतलं मोठं नाई,” असं म्हणाला तो. रागावला मात्र नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? काही नाही. पण आज डोळे मिटले की मला माहेरचं घर दिसत नाही, आखर दिसतं. माझ्या आईचा चेहरा आठवायला मला वेळ लागतो, त्या कोपऱ्यातली माती पायाला कशी लागायची ते लगेच आठवतं. पाप लागो की पुण्य, खरं ते सांगितलं.

सून म्हणते, पुण्याकडच्या लोकांना भुलाबाई ठाऊक नसते, नीट समजावून सांगा. बरं, सांगते. भादव्याच्या पुनवेला आम्ही वऱ्हाडातल्या पोरी मातीची भुलाबाई आणि तिचा नवरा भुलोजी मांडतो. ज्वारीच्या पाच धांड्यांचा, म्हणजे ताटांचा, मखर करतो. ती बाई महिनाभर माहेरी आलेली असते. रोज दिवस कलला की तिच्यापुढे फेर धरून गाणी म्हणायची, आणि गाणी संपली की खिरापत. ज्या पोरीची पाळी, तिनं घरून झाकलेला डबा आणायचा. आत काय आहे ते सांगायचं नाही. बाकीच्यांनी ओळखायचं. ती डबा वाजवते, आम्ही विचारतो, गोड का तिखट, कडक का मऊ, आणि जिला कळेल तिनं ओरडून सांगायचं. कोणालाच कळलं नाही तर म्हणायचं, “हरलो बाई हरलो,” मग डबा उघडतो. कोजागिरीला भुलाबाई सासरी जाते आणि आमचा महिना सरतो.

तर या खिरापत ओळखण्यात मी सगळ्या पेठेत पहिली. माझा कान तसा होता. डबा एकदा हलला की मला फुटाणे आणि शेंगदाणे यांतला फरक कळायचा. लाह्या तर मी दहा हातांवरून ओळखायची. मऊ पदार्थ वाजत नाही, तेव्हा मी डबा धरणारीचं मनगट बघायची. शिऱ्याचा डबा उचलला की मनगट जरा वाकतं, पोह्यांचा असला की वाकत नाही. याचा मला असा काही ताठा होता की विचारू नका. कोणी आणलेली खिरापत मी पहिल्या फटक्यात ओळखली की ती पोरगी रडवेली व्हायची आणि मला गुदगुल्या व्हायच्या.

आणि जशी मी ओळखण्यात पहिली, तशी एक गाण्यात पहिली. तिला आम्ही गाणेवाली म्हणायचो. ती कोष्ट्याची लेक. तिच्या घरी माग होता, आणि त्या मागाची खटक-खटक दिवसभर तिच्या कानात असायची. त्या खटक्यावर ती गाणी बांधायची. जुनी गाणी सगळ्याच म्हणतात, हिला रोज नवं सुचायचं. गावात तारेचे खांब रोवले तर हिनं तारेचं गाणं केलं. साहेब उंच टोपी घालून गेला तर हिनं त्या टोपीत कोंबडी बसवली, अंडी उबवली आणि पिलं साहेबाच्या खांद्यावरून उतरवली. आम्ही हसून हसून फेरातून बाहेर पडायचो. अकरा-बारा वर्षांची पोरगी ती, हे सगळं कुठून आणत होती देवाला ठाऊक.

लग्नं आमची दोघींची आधीच झाली होती, त्या काळी व्हायचीच. माझं सासर अकोल्याचं, तिचंही अकोल्याकडचंच. माझी पाठवणी अजून दूर होती. तिची मात्र ठरली होती, दिवाळी झाली की. म्हणजे त्या वर्षीची भुलाबाई तिची आखरावरची शेवटची. तिनं मला चिंचेखाली नेऊन सांगितलं होतं, “कोजागिरीचं गाणं बांधून ठेवलं हाय. हरेक पोरीची एक ओळ हाय त्यात. तुही बी हाय. आखरावरच म्हणीन, तवापावतर कोणाले आयकवत नाई.” मी किती विनवण्या केल्या, चिमटे काढले. नाही म्हणजे नाही.

पण ते वर्ष कापसाचं होतं.

तिकडे कुठल्याशा दूरच्या देशात भावाभावांत लढाई जुंपली होती म्हणे, आणि साहेबाच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग त्यांना आमची काळी माती आठवली. कापसाचा भाव असा चढला की माणसं बावरली. माझ्या बापानं ज्वारी मोडून सगळ्या वावरात कापसाची पऱ्हाटी लावली. आमच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या, आईच्या हातात पाटल्या आल्या, मला पायात वाजणारे तोडे आले. मी ते वाजवत आखरावर जायची. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

गाणेवालीच्या घरी उलटं झालं. सूत काढणाऱ्या बायकांनी सूत काढणं सोडलं, कारण रुई तशीच विकली तरी जास्त मिळत होतं. सूत नाही तर माग कशावर चालणार? एक दिवस मी तिच्या दारावरून गेले आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. चार पावलं पुढे गेल्यावर कळलं, खटक-खटक बंद आहे. तिचा बाप ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, पाहत होता. ज्वारी महाग झाली होती, कारण पेरलीच कोणी नव्हती. त्या साली भुलाबाईच्या मखराला पाच धांडे मिळवायला आम्हाला तीन वावरं हिंडावी लागली.

गाणेवालीनं त्यावरही गाणं केलं. माग थांबला तर ती डब्याच्या पाठीवर तळहातानं ठेका धरायची. मी मूर्ख, मला वाटायचं तिला नवा खेळ सुचला आहे.

नवरात्र बसायच्या सुमाराला चिखल वाळला, रस्ते मोकळे झाले, आणि पावसाळाभर अडकून पडलेला कापूस बाहेर पडला. रेल अजून आमच्याकडे आली नव्हती, सगळं बंड्यांवर. इतक्या गासड्या ठेवायच्या कुठं? मुंबईकडचा एक आडत्या आला, त्यानं चार जाणत्यांशी चावडीवर बोलणं केलं, पानसुपारी झाली, आणि दुसऱ्या दिवशी आखरावर खुंट्या ठोकून दोऱ्या बांधल्या. माझा बापही त्या चौघांत होता. सोंगट्या खेळणारे म्हातारे दुसरीकडे गेले. आट्यापाट्यांच्या रेघा बंड्यांच्या चाकांखाली पुसल्या गेल्या. दोरी रोज थोडी पुढे यायची. सकाळी पाहावं तर कालची खुंटी हातभर सरकलेली. आमचा कोपरा तेवढा उरला होता आणि कोजागिरीला पाच दिवस राहिले होते.

याच सुमाराला एक साहेबही कापूस बघायला येऊन गेला. घोड्यावरून उतरला, गासडीत हात खुपसून रुई ओढून पाहिली, आणि मग आमचा फेर पाहत उभा राहिला. खिशातून वही काढून त्यानं आमचं चित्र काढलं. आडत्याकडे एक म्हातारे मापारी होते, पेठेतलेच, त्यांना सगळं गाव चाचा म्हणायचं. साहेबाचा दुभाषा काय बोलला ते चाचांनी आम्हाला येऊन सांगितलं.

“साहेबाच्या गावात लई गिरण्या हायेत. धुरानं लेकरं खोकतात. तं तिथल्या लोकायनं एक मोठं मैदान राखून ठेवलं म्हने. झाडं लावले, बसाले बाकं ठेवले. कोनीबी जावं, कोनीबी खेळावं. इतवारी बँड वाजते.”

“मैदान राखा लागते?” गाणेवालीनं विचारलं. “कोनापासून?”

चाचांनी दाढी खाजवली. “ये तो मैंने पूछा नहीं, बेटी.”

आम्ही खूप हसलो. मैदान राखायचं म्हणजे काय, शेतातलं पीक आहे का ते, पाखरं हाकायला? साहेबानं चित्र मिटून खिशात घातलं, गासड्या किती आहेत ते विचारलं आणि निघून गेला. त्याच्या गावच्या त्या मैदानाची मला पुढे फार वेळा आठवण झाली. तिथं मैदान राखलं होतं ते खेळणाऱ्यांसाठी. आमच्याकडे खुंट्या आल्या त्या आम्हाला हाकलायला.

दुसऱ्याच दिवशी दोरी आमच्या कोपऱ्याला आली. दिवस कलत होता, आम्ही भुलाबाई मांडून बसलो होतो, आणि आडत्याचे गडी भुलाबाईच्या पुढ्यातच खुंटी ठोकायला लागले. “उद्यापासून इकडं येऊ नोका,” म्हणाले. बाकीच्या पोरी उठल्या. गाणेवाली उठली आणि सरळ त्या दोरीवर जाऊन बसली, झोक्यावर बसावं तशी. डब्याच्या पाठीवर ठेका धरून तिनं तिथल्या तिथं सुरू केलं,

“आडतेदादा, आडतेदादा, दोरी किती लांब?
आखर बांधलं, पेठ बांधली, आता आभाळ बांध!”

गडी हसायला लागले. आडत्या गासडीवर बसून पान खात होता, तो उठून आला. माणूस वाईट नव्हता, हेही सांगते. गोल तोंडाचा, सदा हसरा, गावात नवा.

“काय गं पोरींनो, कामं नाहीत का घरी?”

“तुमाले नाई का घर?” गाणेवाली म्हणाली. “आमच्या भुलाबाईच्या अंगावर कायले येऊन राह्यले?”

“तुमच्या बापांनीच दिली जागा.”

“आमाले इचारलं होतं?”

तोवर माणसं जमली. बंडीवाले, हमाल, सोंगट्यांचे म्हातारे, सगळे. आडत्याला मजा वाटू लागली होती. “बरं बाई,” तो म्हणाला, “काय करू म्हणजे तुम्ही उठाल?”

गाणेवालीनं दोरीवरून उतरून हातातला डबा वर केला. त्या दिवशी खिरापतीची पाळी तिची होती. “खिरापत ओळखा. तीन खेपा सांगा. वळखली तं आखर तुमचं, आमी आत्ताच उठतो. नाई वळखली तं कोजागिरीपावतर आमचं. दोरी बी काढाची, खुंट्या बी.”

आडत्याला खिरापत म्हणजे काय ते कळेना. चाचांनी समजावून सांगितलं. तो खो-खो हसला आणि म्हणाला, “कबूल! सगळ्यांसमोर कबूल.”

कोजागिरीचं गाणं, तिचं शेवटचं गाणं, आता त्या डब्यात होतं. तिनं डबा हलवला. आवाज आला नाही.

“गोड का तिखट?” आडत्यानं विचारलं.

“खाणाऱ्याच्या तोंडावर हाय.”

“कडक का मऊ?”

“दाताले लागत नाई.”

“शिरा!”

“नाई!” आम्ही सगळ्या ओरडलो. आम्हालाही ठाऊक नव्हतं, पण तिनं मान हलवली आणि आम्ही ओरडलो.

आडत्यानं पगडी मागे सारली. गडी त्याच्या कानाशी लागले, कोणी पुरण म्हणे, कोणी दहीभात. “खीर!” तो म्हणाला.

“नाई!”

आता एकच खेप उरली. आडत्या डब्याभोवती फिरला, नाक जवळ नेऊन वास घेतला. लोक हसत होते. गाणेवाली डबा एका हातावर धरून उभी होती, आणि मी, मी नेहमीसारखी तिच्या मनगटाकडे पाहत होते. मनगट वाकलं नव्हतं. पोह्यांच्या डब्याला जेवढं सरळ असतं त्याहूनही सरळ होतं. बोटं अशी सैल होती की जणू हातात काही नाहीच. आणि मला कळलं. आतून एकदम उकळी फुटली, अशी खिरापत आजवर कोणी आणलीच नव्हती, कोणी ओळखलीच नसती, आणि मी ओळखली होती! तीन वर्षांची सवय, जिला कळेल तिनं ओरडायचं, तोंड माझ्या आधीच उघडलं.

“रिकामा हाय! डब्यात काईच नाई!”

सून लिहिता लिहिता थांबली आहे आणि माझ्याकडे बघते आहे. बघू नकोस, लिही. मी असंच ओरडले. उड्या मारत ओरडले. पायातले तोडे वाजले.

आडत्यानं मांडीवर थाप मारली. “रिकामा! हेच माझं तिसरं!”

“सेठ, थो बोल त्या पोरीचा व्हता,” चाचा म्हणाले.

“पोरीचा का असेना, ओळखलं तर खरं. उघड बाई डबा.”

गाणेवालीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं झाकण काढलं आणि डबा सगळ्यांना दिसेल असा धरला. चिंचेनं घासून लख्ख केलेला, काठाला पोचा पडलेला पितळी डबा. आत काही नाही, पिठाचा कणही नाही. लोकांच्यात तिचा बाप होता, मागच्या बाजूला. मला तो तेव्हाच दिसला. त्यानं मान खाली घातली आणि घराकडे चालायला लागला, आणि मग, तेव्हा कुठं, माझ्या डोक्यात उजेड पडला की डबा रिकामा का होता.

आडत्याचंही हसू गेलं. तो गड्याला म्हणाला, “जा, गूळ-फुटाणे आण, डबा भर पोरीचा.” गाणेवालीनं झाकण लावलं. “खिरापत आमची आमी आणतो,” म्हणाली, दोरीवरून पाय टाकून बाहेर पडली आणि गेली. पळाली नाही, चालत गेली.

आडत्यानं दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला की भुलाबाईपुरती जागा कोजागिरीपर्यंत राहू द्या. चाचांनी स्वतः गासड्या सारून आम्हाला चौक करून दिला. चहूकडून कापूस, मध्ये आम्ही. कोजागिरी तिथंच झाली. गाणेवाली आली नाही. मी दोनदा तिच्या दारात गेले, तिची आई म्हणाली, “डोकसं दुखून राह्यलं तिचं.” आम्ही जुनी गाणी म्हटली, तीही दोन ओळींनंतर अडायची, कारण पुढची ओळ नेहमी तीच उचलायची. भुलाबाईला सासरी पाठवलं. त्या रात्री बत्तीस खिरापती करायची रीत, त्यांतली एकही मी तोंडात घातली नाही. एकीचा डबा हलला, आत फुटाणे होते, मला ऐकू आलं. मी तोंडावर पदर धरून बसले.

दिवाळीनंतर ती बंडीत बसून गेली. मी वेशीपर्यंत बंडीमागं धावले. “अवं, माह्याशी बोल ना वं!” म्हणाले. ती बैलांच्या पाठीकडे बघत राहिली. मला त्या दिवशी माझा कान उपटून फेकावासा वाटला. बापानं विचारलं काय झालं, तर मी तोडे काढून त्याच्यापुढे टाकले आणि आईच्या हातचा मार खाल्ला.

लढाई मिटली, कापूस आपटला. शेंब्या उतरल्या, पाटल्या गेल्या, त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते आखराचं. गासड्या गेल्या तरी खुंट्यांच्या जागी आधी काटेरी कुंपण आलं, मग भिंत आली. माझी पाठवणी झाली तेव्हा आमच्या कोपऱ्यात कापसाचा मोठा मांडव होता आणि चिंच तोडलेली होती. गुरं दुसऱ्याच वाटेनं रानात जाऊ लागली होती. तरी लोक त्या जागेला आखरच म्हणत.

अकोल्याला आले. मोर्णेकाठचं घर, दारातून नदीची वाळू दिसायची. तिथल्या पोरी आणि माहेरवाशिणी वाळूत भुलाबाई मांडायच्या. सासू भली होती, म्हणायची, “जा वं, खेळून ये.” मी दोन वर्षं गेले नाही. ओसरीवर बसून ऐकायची फक्त. खिरापत ओळखायची वेळ आली की आत जाऊन भांडी आपटायची, म्हणजे डब्याचा आवाज कानावर पडू नये.

तिसऱ्या वर्षी, भादवा सरत आला होता, दुपारच्या वेळी दारात कोणी तरी उभं राहिलं. कडेवर लेकरू, डोक्यावर पदर, हातात पितळी डबा. डब्याच्या काठाला एक पोचा होता तो मी आधी ओळखला, मग तिला. कासारणीकडून तिला कळलं होतं म्हणे, अमरावतीच्या अमुक पेठेतली पोरगी मोर्णेकाठी दिली आहे म्हणून. ती नदीपलीकडच्या कोष्टीपुऱ्यात राहत होती. तिनं काही विचारलं नाही, बरी आहेस का, सासू कशी आहे, काही नाही. डबा पुढे करून एकदा हलवला.

“ओळख.”

लाह्या. ज्वारीच्या लाह्या, आणि गुळाचे दोन खडे, एक मोठा, एक लहान. लहान खडा काठाला लागून वाजला तोसुद्धा मला कळला. इतक्या वर्षांत कान काही उतरला नव्हता माझा.

“हरले,” मी म्हणाले. “नाई येत मले ओळखता. हरले बाई.”

ती ओसरीवर टेकली, लेकरू मांडीवर घेतलं आणि झाकण काढलं. आम्ही दोघी लाह्या खाऊ लागलो. खाता खाता मी विचारलं, जे मला इतकी वर्षं खात होतं ते.

“तो हरला असता, तं तुनं डबा उघडून काय म्हटलं असतं वं? रिकामाच तं व्हता.”

“आखर,” ती म्हणाली. “म्हणनार व्हते, आजची खिरापत आखर हाय. घ्या वाटून.”

मी मान खाली घातली. रडू आलं ते आलंच, लपवून काय उपयोग. ती लेकराच्या तोंडात लाही घालत होती.

“कितीक खोटी वं तू,” ती मध्येच म्हणाली. “म्हने हरले. तुह्या कानाले तं डब्यातली मुंगी आयकू येते.”

“हे कोणी सांगतलं तुले?”

“कोनी कायले सांगन? तुही ओळ हाय थे. कोजागिरीच्या गाण्यातली.” आणि तिनं डब्याच्या पाठीवर ठेका धरला, हळू, लेकरू दचकू नये असा, आणि म्हणून दाखवली.

“सखी माही मोठी गुणाची, कोनी काई लपवा,
डब्यातली मुंगी बोले, तिच्या कानाले ठावा.”

बाकीच्या पोरींच्या ओळी ती विसरली होती. एवढी एक राहिली होती. मी मूठभर लाह्या एकदम तोंडात कोंबल्या, म्हणजे बोलावं लागू नये.